वळसंगच्या मावशीची पत्रं

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. सोलापूरच्या क्षयरोगाच्या दवाखान्यात मी हेल्थ व्हिजिटर म्हणून लागले, तेव्हा मला बाविसावं सरत होतं. मोठा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. वैरागहून शहरात येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. दवाखान्याची पद्धत अशी, की गोळ्या न्यायची तारीख चुकली की त्या माणसाला पोस्टकार्ड टाकायचं, आणि तरीही आला नाही तर घरी जायचं. घरी जाणं फारसं होत नसे. कार्डं मात्र रोज सुटत. दुपारी खिडकी बंद झाली की मी टाक घेऊन बसे आणि एका बैठकीत दहा-बारा कार्डं लिहून काढी.

मजकूर ठरलेला होता. अमुक तारखेस आपण औषध नेण्यास आला नाहीत, क्षयरोगाचे औषध अर्धवट सोडणे आपल्यास व आपल्या कुटुंबास धोक्याचे आहे, तरी ताबडतोब यावे. त्यातला 'क्षयरोग' हा शब्द मी जरा ठसठशीत काढी आणि खाली रेघ ओढी. वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटू नये, एवढाच माझा हेतू. टपालात टाकण्याआधी मी कार्डं एकदा हातात धरून बघायची आणि मला बरं वाटायचं. आपण कामाला आलो, असं वाटायचं.

त्या पावसाळ्यात एक तेलुगू बाई आमच्याकडे दोन महिने रोज इंजेक्शनला येत होती. तिशीची असेल. नवऱ्यामागे तेलंगणातल्या गावाहून सोलापुरात आलेली. नवरा यंत्रमागावर कामाला, ही घरी विड्या वळायची. पदरी दोन मुली. आली तेव्हा चार पावलं चालली की भिंत धरायची, आणि खोकला लागला की रांगेतली माणसं मागे सरायची. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं. मी बोटांनी दिवस दाखवायची, ती मान हलवायची. पण इंजेक्शन तिनं एकही चुकवलं नाही. दोन महिन्यांत गालांवर मांस आलं, खोकला थांबला. इंजेक्शनं संपली आणि पुढच्या गोळ्या सुरू झाल्या. एकूण औषध दीड वर्षाचं होतं. आता रोज यायचं कारण नव्हतं, महिन्यातून एकदा येऊन पुडकं न्यायचं. पहिलं पुडकं तिनं नेलं. दुसऱ्याला ती आलीच नाही. रजिस्टरात कारणाच्या रकान्यात कुणीतरी 'निष्काळजी' असं लिहिलं, आणि मी तिला कार्ड टाकलं.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा आला. खिडकीपुढची रांग संपेपर्यंत तो भिंतीला टेकून उभा होता. शेवटचा माणूस गेल्यावर त्यानं सदऱ्याच्या खिशातून माझं कार्ड काढलं आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवलं.

"बाई, हे अक्षर तुमचं का?"

मी हो म्हणाले.

"लई चांगलं हाय," तो म्हणाला. "गल्लीत सगळ्यांना वाचता आलं."

तो मराठी मागावरच्या सोबत्यांकडून शिकला होता, त्यामुळे आमच्या वैरागकडच्या माणसासारखाच बोलायचा. आवाज चढवून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो अगदी सावकाश, एकेक गोष्ट सांगत गेला. पोस्टमननं कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात दिलं. तिथं त्या गल्लीतली सगळ्यांचीच पत्रं पडत. दुकानदाराला मराठी वाचता येत होतं, त्यानं चांगुलपणानं मोठ्यांदा वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. सकाळी नळावर तिची घागर रांगेतून काढून बाजूला ठेवलेली होती. अंगणात ज्या बायकांच्या घोळक्यात बसून ती विड्या वळायची, त्यांनी तिला बसू दिलं नाही. विडी कारखान्यातल्या मुकादमानं तिला पानं आणि तंबाखू द्यायचं बंद केलं. आणि ज्यांच्या खोलीत ते राहत, त्या म्हाताऱ्या घरमालकांनी महिनाअखेरीला खोली सोडा म्हणून सांगितलं.

"मी तिला पोरींसंगट गावाला धाडतो," तो म्हणाला. "तितं दवाखाना न्हाय. तुमी सगळ्या गोळ्या एकदम द्या. त्यासाठी आलो."

एवढ्या महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला बंदी होती. आणि दिल्या असत्या तरी इतक्या लांब, कुणी विचारायला नसताना, त्या पुऱ्या झाल्या नसत्या. हे मला माहीत होतं. अर्धवट औषधानं आजार उलटतो, आणि उलटलेला आजार त्याच गोळ्यांना दाद देत नाही. मी कसंबसं एवढंच म्हणाले, की उद्या मी घरी येते, तोवर गावाचं ठरवू नका. तो गेला. कार्ड टेबलावरच राहिलं. माझ्याच हातचं ते ठसठशीत अक्षर माझ्याच्यानं बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट चालू होता. बांबूंवर निळं, तांबडं सूत वाळत होतं आणि सगळीकडे तंबाखूचा घशाला लागणारा वास. अंगणात दहा-बारा बायका मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. ती आत होती. धाकटीची वेणी घालत होती. मी आत आले तसं तिनं मुलीला पुढे सरकवलं, माझ्यासाठी गोणपाट अंथरलं, आणि स्वतः दाराकडे पाठ करून बसली.

नवऱ्यानं त्या दिवशी कामावर खाडा केला होता, तो मध्ये बसून एकीचं दुसरीला सांगत होता. गोळ्या का सोडल्या, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, बरं वाटलं म्हणून सोडल्या असं ती म्हणेल. ते थोडं होतंच. गोळीनं मळमळायचं, तेही होतं. पण खरं कारण निराळंच निघालं. विडी कारखान्यात सकाळी वळलेल्या विड्या घेऊन जावं लागे. तिथं रांग असे, समोर उभं राहून विड्या तपासून घ्याव्या लागत, नाहीतर खराब म्हणून बऱ्याच बाजूला पडत. इंजेक्शनांच्या दिवसांत नवऱ्याची रात्रपाळी होती, त्यामुळे सकाळी विड्या तो नेत होता. मग त्याची पाळी बदलली. ती विड्या देऊन, तिथून चालत आमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बारा वाजून जात आणि आमची खिडकी बंद होई. ती एकदा आली, खिडकी बंद. चार दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती आली नाही.

खिडकीच्या आत बसून मी त्याच वेळी कार्डं लिहीत असणार. कदाचित तिचंच लिहीत असेन.

मग ती स्वतःहून काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली, आवाज चढला. नवऱ्यानं त्यातलं थोडंच सांगितलं. "ती म्हणती, खोकला न्हाय, ताप न्हाय. मग आता माझ्यात काय हाय, ते दाखवा. न्हाय दाखवता येत तर लोकांना का सांगितलं?"

तिचा प्रश्न रास्त होता.

दवाखान्याचे डॉक्टर निवृत्तीला आलेले, कडक गृहस्थ होते. कर्मचाऱ्यानं उशीर केला तर नुसतं घड्याळाकडे बघत, आणि तेवढं पुरत असे. मी ते कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं आणि झालेलं सगळं सांगितलं, खिडकीचं धरून. नोकरी जाईल असं वाटत होतं. त्यांनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. म्हणाले, "तू लिहायला सांगितलं तेच लिहिलंस. सांगणारा मी." मग म्हणाले, की तिची थुंकी पुन्हा तपासा, तीन दिवस. जंतू नसतील तर तिच्यापासून कुणालाही धोका नाही, आणि तसं मी सही करून लिहून देतो.

जंतू असतील तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मधे पाच आठवडे गोळ्या बंद होत्या. ते तीन दिवस मी जेवले काय आणि झोपले काय, मला काही आठवत नाही. डबी घेऊन ती रोज सकाळी यायची. विड्या द्यायला जायचं आता नव्हतंच. बाकावर टोकाला बसायची, कुणाकडे बघायची नाही.

आमचा लॅबवाला फार कमी बोलणारा माणूस. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा आणि चहाच्या वेळीही काचा पुसत राहायचा. चौथ्या दिवशी तो स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आला, हे पहिल्यांदाच घडत होतं. म्हणाला, "तिन्हीत काही नाही. मी प्रत्येक काच दोनदा बघितली."

मी तिथंच हात जोडले. कुणाला जोडले, मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी दाखला लिहून सही केली. मी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि मोठ्या उत्साहानं तो कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि परत टेबलावर ठेवला.

"कागदानंच आमची वाट लावली, बाई. आता दुसऱ्या कागदानं काय हुणार? डोळ्यानं दाखवा."

मी लॅबवाल्याकडे बघितलं. पेशंटच्या माणसाला आत घेण्याची पद्धत नव्हती. त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि त्या माणसाला आत यायची खूण केली. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी थुंकीची काच लावली. नवरा वाकला. एक डोळा मिटणं त्याला जमेना, म्हणून मी त्याच्या डोळ्यावर हात धरला. बराच वेळ तो हलला नाही.

"निळं दिसतंय सगळं," तो म्हणाला. "निळ्या चादरीसारखं. मधी मधी बारीक लाल धागे पडलेत."

"तेच ते जंतू," लॅबवाला म्हणाला. मग त्यानं तिची काच लावली. नवऱ्यानं पुन्हा डोळा लावला. लॅबवाला काच हळूहळू सरकवत होता, हा शोधत होता. जन्मभर मागापुढे उभा राहून चुकलेला धागा हेरणारा माणूस होता तो. त्याच्या नजरेतून काही सुटणार नव्हतं. शेवटी तो सरळ झाला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला. मग मराठीत म्हणाला, "नुसतं निळं हाय." त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं ते पुसले नाहीत, की लपवलेही नाहीत.

मला वाटलं, आता तो घरी जाऊन बायकोला सांगेल. तो घरी गेला, पण दुसऱ्या दिवशी घरमालकांना घेऊन आला. हे घरमालक म्हणजे गल्लीतले सगळ्यात जुने विणकर. चार मागांची शेड त्यांची होती, सगळे त्यांना तेलुगूत ताता म्हणत, म्हणजे आजोबा; माझ्या तोंडी ते तात्या झाले. गल्लीत तात्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्याबरोबर आणखी दोघे आले होते. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, अशी ती तीन माणसं लॅबच्या दाराशी चपला काढून उभी राहिली. लॅबवाल्यानं नवे रंगवलेले नमुने आधीच काढून ठेवले होते. हे लोक येणार, असं त्याला वाटलं असावं.

तात्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही काचा बघितल्या. पहिली बघताना त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. त्यांनी नवऱ्यामार्फत विचारलं, की हा लाल धागा कुणाच्याही छातीत शिरू शकतो का. लॅबवाला म्हणाला, कुणाच्याही. गल्लीत आणखी कुणाला खोकला असेल तर त्याच्यात आज असेलही. तात्यांनी मग थेट मला विचारलं, मोडक्या मराठीत, की या बाईच्यात नाही ना. मी म्हणाले, आता नाही, पण गोळ्या सोडल्या तर परत येईल, अजून सव्वा वर्ष घ्यायला हव्यात.

"मग का सोडली तिनं?"

नवऱ्यानं खाली बघितलं. मीच सांगितलं, की ती दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा आमची खिडकी बंद होती.

तात्यांनी चष्मा घातला. थोडा वेळ ते दुसऱ्या दोघांशी बोलले. मग म्हणाले, की माझ्या शेडच्या ओट्यावर सावली असते. शुक्रवारी दुपारी तुम्ही तिथं या, गोळ्या तिथंच द्या. डॉक्टर दारात उभे राहून हे ऐकत होते. ते म्हणाले, "शुक्रवारी दुपारी हिला दुसरं काम देऊ नका." ते कुणाला उद्देशून म्हणाले, कळलं नाही, पण त्या दिवसापासून शुक्रवारची दुपार माझी झाली.

त्याच संध्याकाळी तात्यांनी तिची घागर स्वतः उचलून नळाच्या रांगेत ठेवली, असं नवऱ्यानं नंतर सांगितलं. खोली सोडायचा विषय निघाला नाही. मुकादम लवकर ऐकेना. तात्या दोनदा जाऊन आले, डॉक्टरांचा दाखला शेवटी तिथं कामाला आला, आणि महिन्याभरानं तिला पुन्हा पानं मिळू लागली. अंगणातल्या बायका तिला आता जवळ बसू देत, पण तिच्या सुपाला हात लावत नसत. तिला ते दिसत होतं. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

कार्डांचा प्रश्न राहिलाच होता. तारीख चुकली तर माणसाला आठवण करून द्यायला हवीच, आणि गल्लीत पत्र फुटल्याशिवाय राहत नाही, हे आता मला पक्कं कळलं होतं. एका शुक्रवारी मी ओट्यावर बसून हे नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, पत्र फुटलं तर फुटू द्या, त्यात रोगाचं नावच नको. मग काय लिहायचं, असं मी विचारलं. तो हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होते. म्हणाला, मावशी बोलावते म्हणून लिहा.

अशी ती मावशी जन्माला आली. सोलापूरजवळच्या वळसंगला राहणारी, सगळ्यांची मावशी. मजकूर तेलुगूत, दोन ओळींचा: शुक्रवारी येऊन जा, मी वाट बघते, तुझी मावशी. पहिलं कार्ड नवऱ्यानं लिहिलं. त्याला तेलुगू लिहिता येत होतं, पण मागावरून आल्यावर त्याची बोटं आखडलेली असत. म्हणून मी त्याचं कार्ड समोर ठेवून ती गोल गोल अक्षरं गिरवायला लागले. सुरुवातीला ती मला सगळी सारखीच दिसायची. हळूहळू वेगळी दिसू लागली. मग शब्द कळायला लागले, आणि शब्दांमागून बोलणं. दग्गु म्हणजे खोकला, मात्रलु म्हणजे गोळ्या. 'दग्गु उन्दा?', खोकला आहे का, असं मी पहिल्यांदा तिला विचारलं, तेव्हा ती तोंडावर पदर धरून इतकी हसली की पुडकं हातातून पडलं. मग तिनं माझा उच्चार सुधारला आणि पाच वेळा म्हणवून घेतला. ती मला सिस्टरम्मा म्हणायची. मी तिला अक्का म्हणू लागले.

मावशीची कार्डं दुसऱ्या गल्ल्यांतही जायला लागली. मावशीचं कार्ड आलं की गोळ्या न्यायला यायचं, हे पुडकं देतानाच मी प्रत्येकाला सांगून ठेवी. मराठी माणसांना मराठीत, दख्खनी बोलणाऱ्यांना उर्दूत. उर्दूतलं आमच्या दवाखान्यातला शिपाई लिहायचा आणि तिथं ती खाला व्हायची. बरीच माणसं आली. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मला एकदा अडवून विचारलं, की बाई, ही वळसंगची मावशी कोण, तिची भाचरं फारच दिसतात. मी म्हटलं, मोठं खटलं आहे तिचं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं. पण त्यानंतर त्यानं कुणाचंच कार्ड मोठ्यांदा वाचलं नाही. पालथं घालून हातात द्यायचा.

दिवाळीला मी घरी वैरागला गेले, तेव्हा आईनं माझा हात धरून मला परसात नेलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की मी खोकणाऱ्यांच्या घरात जाऊन बसते.

"लई झालं की गं आता," ती म्हणाली. "तितं जाऊ नगंस. उद्या तुला काय झालं तर कोण बघणार हाय?"

मी तिला लाल धाग्यांचं सांगितलं. तात्यांचं, घागरीचं सांगितलं. तिला सगळं पटलं नाही. पण निघताना तिनं माझ्या पिशवीत बाजरीच्या पिठाची जास्तीची पुरचुंडी घातली आणि म्हणाली, त्या बाईला दे, अंगात ताकद यायला पाहिजे तिच्या. भाकरी कशी थापायची, ते अक्काला मग मीच शिकवलं. तिची पहिली भाकरी तव्यावरच मोडली.

गोळ्यांचा त्रास कमी झाला होता. डॉक्टरांनी रात्री जेवून लगेच घ्यायला सांगितल्या, तेव्हापासून मळमळ जवळजवळ गेली. महिने जात राहिले. अकराव्या महिन्यात मात्र मला धडकी भरली. तिच्या भावाचं लग्न निघालं आणि ती महिन्याभरासाठी गावाला निघाली. मी पुडकं दिलं, वरचे आठ दिवसही दिले, आणि दहा वेळा सांगितलं. ती म्हणाली, सिस्टरम्मा, तू माझ्या आईसारखी बोलायला लागलीस. गाडी गेली आणि मी परत आले. गावात लग्न, पाहुणे, शेतीची कामं. कोण लक्षात ठेवून गोळी घेणार, असं मला रोज वाटायचं. त्या गावी पोचेल असं मावशीचं एक कार्डही मी टाकलं.

ती ठरल्या तारखेच्या एक दिवस आधी आली. स्टेशनवरून घरी न जाता, बोचकं डोक्यावर घेऊन थेट दवाखान्यात आली. खिडकी अजून उघडी होती. तिनं रिकामं पुडकं माझ्या टेबलावर उपडं करून झटकलं, एकही गोळी पडली नाही. वरच्या आठ दिवसांच्या गोळ्या वेगळ्या बांधून आणल्या होत्या, त्या तिनं मोजून परत दिल्या. मग म्हणाली, की मावशीचं पत्र आलं, तिथं सगळ्यांनी विचारलं, ही कोणती मावशी. तिनं सांगितलं होतं, माझी सोलापूरची.

अठरा महिने संपेपर्यंतचे पुढचे महिने झरझर गेले. मधे बुडालेले पाच आठवडे डॉक्टरांनी शेवटी वाढवून घेतले. तिची शेवटची थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला, जुना दुसऱ्या हातात धरला, आणि तिला जवळ बोलावून दोन्ही दाखवले. जुन्यात एका बाजूला ढग होता. नव्यात तिथं एक बारीक रेघ उरली होती. डॉक्टर तिला म्हणाले, "तुम्ही पास." हे एवढं मराठी तिला कळलं. डॉक्टरांना मी त्याआधी कुठल्या पेशंटपुढे उठून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

तो शुक्रवार होता. दुपारी मी नेहमीप्रमाणे गल्लीत गेले. अंगणात बायका वळत बसल्या होत्या. ती माझ्याबरोबरच आली, पण आपल्या जागी बसली नाही. सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि तेलुगूत बोलायला लागली. तोवर मला बरंच कळत होतं. ती म्हणाली, मला तो रोग झाला होता, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. इतके महिने गोळ्या घेतल्या. आज डॉक्टर म्हणाले, गेला. माझ्याजवळ बसायला तुम्ही भ्यायलात, मी रागावले नाही, कारण मीही भ्याले होते. पण रात्री भिंतीपलीकडून खोकला मला ऐकू येतो. कोण खोकतं, ते मला माहीत आहे. नाव घेणार नाही. उद्या सकाळी मी दवाखान्यात जाणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं. विड्या द्यायला उशीर झाला तर मुकादमाशी मी बोलेन.

एका म्हाताऱ्या बाईनं, जिनं नळावरून तिची घागर पहिल्यांदा काढली होती तिनं, आपलं सूप थोडं बाजूला सरकवलं आणि जागा केली. अक्का तिथं बसली आणि तिच्याच सुपातली पानं घेऊन वळायला लागली.

मला रात्रभर शंका होती. शनिवारी सकाळी मी लवकर गेले आणि खिडकी उघडून बसले. आठ वाजून गेले. मग फाटकातून ती आली, सगळ्यांच्या पुढे, पदर खोचलेला, चालण्यात एक ठसका. तिच्यामागे एका रांगेत सात बायका. त्या म्हाताऱ्या बाईला दोघींनी हाताला धरलं होतं. रांगेत उभी असलेली बाकीची माणसं बघतच राहिली. शिपायानं बाक पुसला. लॅबवाल्यानं दारातून डोकं बाहेर काढलं, बायका मोजल्या, आत गेला आणि नव्या काचा धुवायला काढल्या.

त्या दिवशी तो जेवायलाही उठला नाही. सातांपैकी तिघींच्या थुंकीत जंतू निघाले, त्यातली एक ती म्हातारी. त्यांना कोण समजावणार, हा प्रश्न पडायच्या आत अक्कानंच तिघींना बाकावर बसवलं आणि सुरुवात केली: इंजेक्शन कुठं देतात, त्यानं कान वाजले तर लगेच सांगायचं, गोळी जेवल्यावर घ्यायची, आणि बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नाही. मी नुसती ऐकत होते. म्हातारीनं तिला काहीतरी विचारलं. अक्का म्हणाली, "मी जगले की नाही? मग."

तिघींनीही औषध पुरं केलं. म्हातारीला सगळ्यात जास्त दिवस लागले आणि सगळ्यात जास्त कुरकुरलीही तीच.

पण ते पुढचं. त्या शनिवारी दुपारी सगळं आवरल्यावर डॉक्टर खिडकीपाशी आले. शिपायाकडून त्यांनी खडू मागवून घेतला, बाहेरच्या फळ्यावरची वेळ पुसली आणि स्वतःच्या हातानं नवी लिहिली. आठवड्यातून दोन दिवस खिडकी दुपारीही उघडी राहणार होती, विडी कामगारांसाठी. खाली त्यांनी मला तेच तेलुगूत लिहायला लावलं. मी लिहिलं. अक्का मागे उभी राहून बघत होती. तिनं एक अक्षर चुकलेलं दाखवलं आणि पदरानं पुसून माझ्या हातून नीट करून घेतलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी खिडकी उघडली, तेव्हा बाहेर अकरा जणी उभ्या होत्या.